आबारावाची भावकी

भूत कसं तयार करावं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं सरळ माझ्याकडं यावं. उगं इकडंतिकडं हिंडू नये! अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात माझ्याइतकं टिकाऊ भूत कुणी बनवलेलं नाही, हे मी छातीठोक सांगतो. बाकीच्या लेखकांची भुतं शेवटच्या पानावर संपतात. माझं भूत पानातून उठलं, गावात गेलं आणि तिथल्या भावकीत जाऊन बसलं. आता ते मलाच ओळख दाखवत नाही.

मी श्रीशैल. करडगावच्या हायस्कुलात इतिहास शिकवतो. नळदुर्गच्या अलीकडं हमरस्ता सोडून आत वळलं की करडगाव. गावात इतिहास शिकवणं म्हणजे म्हशीला अंगाई म्हणण्यासारखं आहे. म्हस झोपते, पण ती अंगाईनं नव्हं, तिला तशीही झोप येतच असते. पण एक जागा अशी होती, तिथं माझी पोरं जागी व्हायची. ती म्हणजे चौकातली बारव.

काय बारव होती म्हणून सांगू! खाली उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या, दोन्ही अंगाला देवळ्या, मधे कमान, आणि कमानीवर झिजून झिजून डुकरासारखे दिसणारे दोन हत्ती. भर मे महिन्यात आत उतरलं की अंगावर गार वाऱ्याची झुळूक यायची. वर्गात एकमेकांच्या दप्तरात खडे भरणारी कार्टी तिथं गप व्हायची. मी त्यांना दगडावरच्या छिन्नीच्या खुणांवर बोटं ठेवायला लावायचो. "हा घाव ज्यानं घातला त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही," मी म्हणायचो. पोरं बोट उचलायचीच नाहीत. मास्तर म्हणून माझ्या आयुष्याची कमाई काय, तर तेवढीच.

आणि ती बारव बुजवून तिथं दुकानाचे गाळे काढायचं आमच्या सरपंचानं ठरवलं!

सरपंच दिग्विजय. वय माझ्या विद्यार्थ्याचं, कारण माझाच विद्यार्थी. पांढरी गाडी, पांढरे कपडे, इतिहासात काठावर पास.

"सर, चौकातली जागा हाय," तो मला समजावत म्हणाला. "तिथं खड्डा ठिवून काय करायचं?"

"खड्डा? अरे, इतिहास आहे तो!"

"व्हय, पर इतिहासात मोबाईल रिचार्ज होतो का?"

मी अर्ज केले, साहेबांना भेटलो, गावात सह्या गोळा करायला हिंडलो. लोकांनी चहा पाजला, सही कुणी केली नाही. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, या लोकांना इतिहासाची लाज नाही, कायद्याची भीती नाही. मग यांना भीती कशाची आहे? आणि मला माझ्या बुद्धीचं मलाच कौतुक वाटलं!

मी लहान मुलांसाठी गोष्टी लिहितो. तर मी एक छानसं पुस्तक लिहिलं, 'बारवेतला आबाराव'. आबाराव हा निजामाच्या काळातला बारवेचा राखणदार. डोक्याला फेटा, हातात काठी. मेला तरी राखण सोडली नाही. बारवेत कुणी माती टाकली, की आबाराव त्याच्या मागोमाग घरी जातो. मारत नाही, ओरडत नाही. नुसता बाजेच्या पायथ्याशी बसतो आणि हळूच विचारतो, "माती कुणी टाकली?" बस्स! उत्तर मिळेपर्यंत उठत नाही.

आता यातलं खरं डोकं बघा. आबाराव कुणाचा आजा-पणजा निघाला तर ती माणसं माझंच भूत करतील, हे मला माहीत होतं. म्हणून मी त्याला आडनाव दिलं नाही. बायको दिली नाही. पोर दिलं नाही, पुतण्या दिला नाही. पक्का निपुत्रिक! शिवाय आमच्याकडं निपुत्रिक गेलेल्या माणसाच्या भुताला लोक सगळ्यात जास्त भितात. एका दगडात दोन पक्षी!

शाळेत विज्ञान शिकवणारे बुद्धघोष सर माझे मित्र. त्यांनी पुस्तक वाचलं, मिटलं आणि माझ्याकडं बघत राहिले.

"श्रीशैल सर, आपण दोघं मिळून पोरांना भूत नसतं म्हणून शिकवतो ना?"

"अहो, गोष्ट आहे ती! पोरांना कळतं गोष्ट काय आणि खरं काय."

"पोरांचं म्हणत नाही मी," ते म्हणाले. "मोठ्यांचं म्हणतोय."

मी हसलो. तेव्हा हसायला काय जात होतं माझं!

पुस्तक गावात पोचलं आणि काय सांगू! पोरं बाजेवर पाय वर घेऊन बसू लागली. त्यांच्या आया त्यांना विचारू लागल्या, पोरांनी आयांना गोष्ट सांगितली, आयांनी बापांना सांगितली आणि प्रत्येक तोंडातून आबाराव एकेक वीत वाढत गेला. उमरग्याहून आलेला जेसीबीवाला चौकातल्या टपरीवर चहा प्यायला बसला, तिथं त्यानं सगळं ऐकलं. उठून मशीन सुरू करायला गेला तर मशीन सुरू होईना! टाकीत डिझेल नव्हतं, पण ते दुसऱ्या दिवशी गावातल्या पोरांनी बघितलं. तोवर तो गडी मशीन तिथंच सोडून एस्टीनं घरी गेला होता.

मी शर्टाची कॉलर ताठ करून घरी आलो. "बघितलंस? लेखणीची ताकद!"

आमची अयोध्या भाकरी थापत होती. "लई फुगू नका," ती म्हणाली. "डिझेल भरलं की येईल तो."

बायकोला साहित्य कळत नाही, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

जेसीबीवाला काही आला नाही. पण दुसरंच प्रकरण सुरू झालं. गावात शिवकांताआत्या म्हणून एक म्हातारी. कुणाला नजर लागली, कुणाची म्हस दूध देईना, की नारळ-लिंबू घेऊन लोक आत्याकडं. आत्यानं बारवेच्या काठावर उभं राहून डोळे मिटले, नाकानं जोरात वास घेतला आणि निकाल दिला.

"ह्ये भूत न्हाय! ह्यो पितर हाय. कुणी निवद दावला न्हाय म्हणून उपाशी बसलाय बिचारा."

झालं! भूत म्हटलं की माणूस लांब पळतो. पितर म्हटलं की जवळ येतो आणि विचारतो, कुणाचा?

सगळ्यात आधी माझ्या दारात अण्णाराव आले. खालच्या गल्लीच्या भावकीतले सगळ्यात थोरले. पांढऱ्या मिशा, हातात काठी, आवाज खणखणीत.

"सर, तुमी लई उपकार केले. आमचा आबाराव आमाला दावलात."

"तुमचा?"

"आमचाच की! आमचे पणजोबा त्येला दत्तक गेल्ते."

"अहो अण्णाराव, तो निपुत्रिक होता! पुस्तकात लिहिलंय मी."

"म्हणूनच की! पोर न्हाय म्हणल्यावर मानूस दत्तक घेतोच. ज्येला पोरं हायती त्यो कशाला दत्तक घील?"

मी पुस्तकातलं ते पान उघडून दाखवलं, तर त्यांनी पानालाच नमस्कार केला.

अण्णाराव जातात न जातात तोच दिग्विजय पेढे घेऊन हजर. पुस्तक हातात. "सर, तुमी फेटा लिवलाय. गावात फेट्याचा मान कुणाचा? वरल्या गल्लीचा. म्हंजे आबाराव आमचा. दत्तक आमच्यातलाच गेलाय."

"अरे बाबा, आबाराव कुणाचाच नाही! मी माझ्या मनानं लिहिलाय!"

"पर तुमच्या मनात कसा आला?" दिग्विजयनं विचारलं.

"आला म्हणजे... सुचला."

"सुचला न्हवं. त्यानं सुचवलं!"

आणि पेढा माझ्या तोंडात कोंबला. तोंडात पेढा असताना माणसाला खंडन करता येत नाही.

मला वाटलं, चला, बरंच झालं. दोन्ही भावक्यांना आता बारवेचा अभिमान वाटतोय. गाळ्यांचं खूळ गेलं. मी तसं बुद्धघोष सरांना सांगितलंही.

"सर," ते शांतपणे म्हणाले, "दत्तकाला काय मिळतं?"

"मान मिळतो."

"आणि?"

"आणि निवद दाखवायचा अधिकार."

"आणि जमीन मिळते, सर. बारव आजवर गावाची होती. तुम्ही तिला मालक दिलात. आता मालक म्हटलं की वारस आलेच."

इतका साधा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता! मी इतिहास शिकवतो, भावकीचं राजकारण मला कोण शिकवणार?

पितृपंधरवड्यात तर कहर झाला. सर्वपित्रीला दोन्ही भावक्या निवदाची ताटं घेऊन बारवेवर आल्या. पुरणपोळी, वडे, खीर, आळूची भाजी. पहिला मान कुणाचा? वरल्या गल्लीनं ताट पुढं सरकवलं, खालच्या गल्लीनं त्याच्या पुढं सरकवलं. ताटं सरकता सरकता पायऱ्यांपर्यंत पोचली.

"कावळ्यालाच ठरवू द्या!" शिवकांताआत्या ओरडली. "ज्येच्या ताटाला कावळा शिवंल, त्येचा आबा!"

सगळे मागं सरले. भर दुपारचं ऊन, माणसं घामाघूम, आणि कावळ्याचा पत्ता नाही. शेवटी एक कावळा आला. गंभीरपणे चालत दोन्ही ताटांच्या मधे गेला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, या ताटातला वडा उचलला, त्या ताटातल्या खिरीत बुडवला आणि उडाला!

काय हाणामारी झाली म्हणता! पुरणपोळ्या उडाल्या, टोप्या उडाल्या. अण्णारावांची काठी दिग्विजयच्या गाडीच्या काचेवर बसली. मी मधे पडलो. मधे पडणाऱ्याला दोन्हीकडून बसतं, तसं मला बसलं. अयोध्यानं माझ्या पाठीला हळद लावली. "लेखणीची ताकद लईच जोरात लागलीय," ती म्हणाली, आणि जरा जास्तच दाबून लावली.

मला मात्र आत कुठंतरी बरं वाटत होतं. म्हटलं, भांडू द्या. भांडण कोर्टात जाईल, कोर्टात गेलं की नातवंडं म्हातारी होईपर्यंत निकाल नाही. तोवर माझी बारव सुरक्षित! पण हाय रे कर्मा, या गावात भांडणंसुद्धा धड टिकत नाहीत. एके दिवशी बघतो तर दिग्विजय आणि अण्णाराव चौकात एकाच बाकड्यावर बसून एकाच बशीतली भजी खातायत!

"मिटलं, सर," अण्णाराव मला बघून म्हणाले. "आबारावानं दोन दत्तक घेतल्ते. एक वरल्या गल्लीचा, एक खालच्या."

"दोन? असं कोण घेतं?"

"निपुत्रिकाची हौस, सर!" दिग्विजय म्हणाला. "निम्मे गाळे त्यांचे, निम्मे आमचे. बारव दोघांची, दोघांनी मिळून बुजवायची. मालकच म्हणल्यावर आता कोण आडवं येतंय?"

जेसीबीवालासुद्धा परत आला. वारसांचीच परवानगी आहे म्हटल्यावर आबाराव त्याच्या बाजेपाशी कशाला बसेल?

भूमिपूजनाला मांडव घातला. जेसीबीला झेंडूच्या माळा. माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचा आबाराव फ्लेक्सवर माणसाच्या दुप्पट मोठा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना त्याचे दोन वारस हात जोडून. शाळेतली पोरं पुढच्या रांगेत बसवलेली. मला शाल, श्रीफळ, फेटा. दिग्विजयनं माइक माझ्या हातात दिला. "आपल्या आबारावांचा शोध लावणारे आपले सर आता दोन शब्द बोलतील!"

मी समोर बघितलं. मांडवाच्या पलीकडं कमान दिसत होती. झिजलेले दोन हत्ती दिसत होते. म्हटलं, श्रीशैल, आता नाही बोललास तर मेलास!

"आबाराव नव्हता!" मी ओरडलो. "कधीच नव्हता! तो माझ्या स्वयंपाकघरात चहा पिताना मला सुचला! त्यानं कुणाला दत्तक घेतलं नाही, कारण तो जन्मलाच नाही! खोटा आहे तो! खरी फक्त ही बारव आहे! तिला मारू नका रे!"

माझे हातपाय लटलट कापत होते. आवाज फाटला होता, डोळ्यातून पाणी येत होतं, नवा फेटा सुटून गळ्यात आला होता. सभा एकदम चिडीचूप झाली. मला वाटलं, पोचलं! खरं बोललं की शेवटी पोचतंच!

तेवढ्यात मागून शिवकांताआत्या किंचाळली, "आलं! सरांच्या अंगात आलं!"

"आबा आला!" सगळा मांडव उठला.

"मी शुद्धीत आहे!" मी ओरडलो.

"सगळीच असं म्हणत्यात," आत्या म्हणाली आणि मूठभर कुंकू माझ्या कपाळावर थापलं. कुणी माझ्याभोवती लिंबू फिरवलं, कुणी पायावर पाणी घातलं. अण्णारावांनी तर, माझ्याहून वयानं वडील असून, माझे पाय धरले!

"अहो, तो नव्हता म्हणतोय मी!"

"रुसलाय," आत्यानं लोकांना समजावलं. "मीच न्हवतो म्हणतोय. इतकी वर्सं कुणी इचारलं न्हाय, म्हणून रुसलाय." मग माझ्यापुढं पदर पसरला. "बोला आबा, काय पायजे तुमाला? तुमी म्हणाल ती आमी करू!"

सगळा गाव हात जोडून माझ्याकडं बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा! मास्तर म्हणून सह्या मागत फिरलो तेव्हा यांनी चहा पाजून वाटेला लावलं होतं. आता मी म्हणेन ते करणार होते. मागं बुद्धघोष सर उभे होते. त्यांनी हळूच मान हलवली, नको. पुढं माझे विद्यार्थी बसले होते. यांनाच मी अंगात येणं म्हणजे ढोंग असतं म्हणून शिकवलं होतं. आणि त्यांच्या मागं जेसीबीनं दात वर करून ठेवले होते.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? जाऊ द्या, सांगू नका. मी काय केलं ते ऐका. मी डोळे फिरवले, मान हलवली आणि घोगऱ्या आवाजात ओरडलो,

"बारव बुजवू नकाऽऽ!"

मांडव थरारला! बायकांनी कानशिलावर बोटं मोडली. जेसीबीवाला मशीनवरून उडी मारून खाली उतरला. मी जिंकलो होतो! लाज वाटत होती, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला होता की मी उगंच आणखी एकदा घुमून घेतलं.

तेव्हा अण्णाराव उठले. कपडे झटकले, माझ्यापुढं हात जोडले आणि अगदी मायेनं म्हणाले,

"आबा, तुमी निपुत्रिक. लेकराबाळांच्या पोटाचं तुमाला काय कळायचं?"

"बरोबर हाय!" मांडवातून आवाज आला.

"फोटो लावतो की तुमचा गाळ्यावर," दिग्विजय म्हणाला. "रोज उदबत्ती लावू. पर कामात आडवं येऊ नका, आबा. आता गपगुमान जावा."

आत्यानं माझ्या डोक्यावर लिंबू पिळलं आणि मला, म्हणजे आबाला, वाटेला लावलं. जेसीबीवाला पुन्हा वर चढला. या वेळी मशीन एका झटक्यात सुरू झालं.

पहिला उजवीकडचा हत्ती गेला. मग कमान. मी तिथंच उभा होतो, डोळ्यात कुंकू, मिशीत लिंबाचा रस. ज्या लोकांना खरं चालत नाही त्यांना निदान भूत तरी चालेल, असं मला वाटलं होतं. या लोकांना भूतसुद्धा आपल्या सोयीचं लागतं! मी रडलो. चारचौघात, मास्तर असून, ओक्साबोक्शी रडलो. लोक म्हणाले, आबा जाताना असंच होतं.

बुद्धघोष सर त्या दिवसापासून माझ्याशी शाळेच्या कामापुरतं बोलतात. मला त्यांचा राग येत नाही. पोरं मात्र माझ्या तासाला आता चिडीचूप बसतात. इतिहासाच्या गोडीनं नाही, मी मधेच घुमायला लागेन म्हणून.

परवा नववीतल्या सिदूची आई घरी आली. सोबत नारळ. पोरगं इतिहासात नापास झालंय, काय करावं, म्हणाली.

मी म्हटलं, "बाई, त्याला रोज थोडा वेळ पुस्तक वाचायला बसवा. सगळं येईल."

तिनं मान डोलावली. नारळ माझ्यापुढं सरकवला.

"ते तुमी मास्तर म्हणून सांगितलं, सर. आता जरा आबाराव म्हणून सांगा. म्हंजे पोरगं ऐकंल."

मी अयोध्याकडं बघितलं. तिनं तोंड फिरवून पदर तोंडात कोंबला होता. मग काय करता? पोराच्या वर्षाचा प्रश्न होता. मी डोळे मिटले.